गरम माप

मायक्रॉनदादांनी आयुष्यात एकदाच माप चुकवलं, आणि तेही स्वतःचं.

हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं. अडतीस वर्षं ते लेथवर होते. लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा गरगर फिरवत हत्याराने सोलून काढायचं यंत्र. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दादा दहा मायक्रॉनवरून भांडायचे. "केसभर इकडे-तिकडे चालतं हो," असं एकदा एक सुपरवायझर म्हणाला. दादांनी स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि आकडा त्याच्या नाकासमोर नेला. "एवढं चालतं? मग दांडा कशाला, हाच बसवा." त्या दिवसापासून ते मायक्रॉनदादा. पुढे केस गेले, नाव राहिलं.

मोजण्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, आधी पुसायचा. मग तीन जागी मोजायचा. एकदा मोजलं तर तो अंदाज, दोनदा मोजलं तर वाद, तीनदा मोजलं तर माप. आणि या सगळ्याच्या आधी जॉब थंड होऊ द्यायचा. नवीन माणसं इथेच फसायची. कापून झालं की घाईघाईने माप घ्यायची. तापलेलं लोखंड फुगलेलं असतं. पन्नास मिलिमीटरचा दांडा चाळीस अंशांनी तापला, तर दोन शतांश मिलिमीटर जास्त दाखवतो. माणसाला वाटतं, अजून मोठा आहे, अजून कापू. कापतो. दांडा थंड होतो आणि मापाला कमी भरतो. मग तो भंगारात, आणि दिवसभराचे कष्टही भंगारात. "गरम जॉब मोजू नये," हे वाक्य दादा दिवसातून चारदा म्हणायचे. घरी येऊनही म्हणायचे. त्यामुळे ते त्यांच्या बायकोलाही पाठ होतं. या बायकोला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा.

दादा निवृत्त झाले, पण मायक्रोमीटर निवृत्त झाला नाही. घरात फळी बसवायला आलेल्या सुताराने तासाभराने करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्हीच बसवा. मी चहा घेतो." ब्रेडचे काप एकसारखे नसतात म्हणून त्यांनी बेकरीवाल्याला त्याच्या सुरीचा कोन समजावून सांगितला. वहिनी शेजारणीला म्हणायच्या, "दांड्याकडे जेवढं निरखून बघितलं ना, त्याच्या निम्मं जरी माझ्याकडे बघितलं असतं, तरी मी धन्य झाले असते."

सदुसष्टाव्या वर्षी दादा रात्री उठायला लागले. आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. वहिनी मोजत होत्या. चाळीस वर्षांत एवढं मोजमाप तर त्यांनाही जमायला लागलं होतं.

"तीनदा उठलात काल."

"पाणी जास्त प्यालो होतो."

"परवाही तीनदा. त्याच्या आदल्या दिवशीही. तीनदा मोजलं म्हणजे माप, नाही का?"

दादांनी वर्तमानपत्र उघडलं.

रविवारी मुलगी आली. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिच्याशी वाद घालणं दादांना जमत नाही, कारण ती त्यांच्यासारखीच आहे. आईने कानावर घातलंच होतं. ती चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, काकांचं विसरलात?"

ते कोणीच विसरलं नव्हतं. दादांचे थोरले भाऊ फाउंड्रीत लोखंड ओतायचे साचे करायचे. अंगाने आडदांड. दोन वर्षं कंबर धरतेय म्हणत होते, मलम चोळत होते, पट्टा बांधत होते आणि डॉक्टरकडे जात नव्हते. गेले तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोहोचला होता. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ते दादांना म्हणाले होते, "आधी कुणी सांगितलं असतं, तर बघितलं असतं रे." दादांनी तेव्हा मान हलवली होती. आत एक गोष्ट मात्र रुतून बसली होती. भावाने कधीच मोजलं नव्हतं. एकदाही नाही.

"एक रक्ताची तपासणी असते," मुलगी म्हणाली. "पीएसए. प्रोस्टेट ग्रंथीतून एक प्रथिन रक्तात झिरपतं. ग्रंथीला सूज आली, जंतू लागले किंवा गाठ झाली, तर जास्त झिरपतं. आकडा येतो."

"आकडा येतो?" दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आतापर्यंत सगळे त्यांना 'तब्येत दाखवा' म्हणत होते. तब्येत दाखवणं त्यांना मोघम वाटायचं. आकडा म्हणजे काम.

मुलीने नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. मंगळवारी सकाळी दादा प्रयोगशाळेत गेले, अर्थात सायकलवर. ही सायकल त्यांनी स्वतः बांधलेली. चाकांच्या तारा स्वतः ताणलेल्या, बेअरिंग स्वतः बसवलेली, आणि चामड्याचं सीट विटेसारखं कडक, कारण मऊ सीट म्हणजे त्यांच्या मते आळशीपणाचं पहिलं पाऊल. सहा किलोमीटर अंतर, मधे पुलाचा चढ. चढावर ते उतरले नाहीत. तपासायला चाललेला माणूस धापा टाकत पोहोचला, तर चांगलं दिसत नाही, म्हणून दाराबाहेर दोन मिनिटं थांबले आणि मग आत गेले.

रक्त घेणाऱ्या मुलीने दंडाला पट्टा बांधला. "काका, मूठ आवळा." सुई एका झटक्यात शिरेत. दादांनी बारकाईने बघितलं. हात न थरथरता, जागा न चुकता.

"हात चांगला आहे तुझा."

"थँक्यू काका. बघवतं तुम्हाला? बाकीचे तोंड फिरवतात."

"काम चाललेलं असताना तोंड कोण फिरवतं?"

संध्याकाळी आकडा आला. सहा पूर्णांक आठ. शेजारी छापलेलं होतं, चारपर्यंत ठीक. म्हणजे माप वर गेलं होतं, आणि मायक्रॉनभर नाही, चांगलंच. मूत्ररोगाच्या डॉक्टरबाईंची वेळ मिळाली ती दहा दिवसांनंतरची.

दहा दिवस. एवढ्या वेळात दुसरा कोणी देवाचं नाव घेतो, कोणी पुढच्या-मागच्या आठवणी काढतो. दादांनी सायकलीच्या चाकांत हवा भरली.

"कुठे निघालात?" वहिनींनी विचारलं.

"परत मोजायला. एकदा मोजलं, तो अंदाज."

"अहो, डॉक्टर सांगतील ना काय करायचं ते."

"डॉक्टरसमोर अंदाज घेऊन जाऊ?"

त्या सकाळी दादा तीन प्रयोगशाळांत गेले. एक पुलापलीकडे, एक बाजाराच्या टोकाला, एक पार स्टेशनमागे. तिन्ही ठिकाणी रक्त दिलं. एकूण बावीस किलोमीटर, पुलाचा चढ दोनदा. सदुसष्टाव्या वर्षी तीन ठिकाणी टोचून घेऊन बावीस किलोमीटर. कष्टाच्या बाबतीत कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. अकलेच्या बाबतीत होती, पण ते कळायला अजून आठ दिवस होते.

आकडे आले. सात पूर्णांक एक, सहा पूर्णांक तीन, सात पूर्णांक सहा.

दादा भडकले. रोगावर नाही, मापावर. एकाच माणसाचं एकाच दिवशीचं रक्त, आणि तीन मापं? स्टेशनमागच्या प्रयोगशाळेत ते रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच उभे राहिले.

"तुमचं यंत्र कोण तपासतं?"

"काका, यंत्र अगदी नवीन आहे," काउंटरवरची बाई म्हणाली.

"नवीन असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. तपासतं कोण?"

मागे चार माणसं खोळंबली. शेवटी आतून पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ बाहेर आला. त्याला वाटलं, भांडण आहे. दोन वाक्यांत त्याला कळलं, की हे भांडण नाही, हा कारागीर आहे. तो म्हणाला, "रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही आधीच ठाऊक असलेला नमुना लावतो. त्याचं उत्तर किती यायला हवं ते ठरलेलं असतं. तेवढं आलं नाही, तर त्या दिवशी कुणाचंच रक्त लावत नाही."

दादांचा आवाज एकदम खाली आला. "मास्टर गेज."

"काय म्हणालात?"

"कारखान्यात हत्यार आधी ज्या पक्क्या मापावर ताडून बघतात ते. चांगलं करता. पण मग तीन ठिकाणी तीन आकडे कसे?"

"यंत्रं वेगळी, रसायनं वेगळी, फरक पडतो. आणि काका, आपण मोजतोय काय ते बघा. एका ग्रॅमचे शंभर कोटी तुकडे करा. त्यातले सहा-सात तुकडे, एक मिलिलिटर रक्तात. एकच प्रयोगशाळा धरा आणि दर वेळी तिथेच मोजा."

एकच मायक्रोमीटर वापरा, हे दादा स्वतः अडतीस वर्षं सांगत आले होते. ते गुपचूप बाहेर आले. शंभर कोटी तुकडे! त्यापुढे मायक्रॉन म्हणजे ओंडकाच. आपण उगाच नाव मिरवलं, असं त्यांना वाटलं.

पण घरी येऊन आकडे एकाखाली एक लिहिले, तेव्हा वरचं सगळं कौतुक उतरलं. सहा-आठ, सात-एक, सहा-तीन, सात-सहा. चार साक्षीदार, आणि चौघांचंही म्हणणं एकच. वर आहे.

त्यानंतर दादा बोलेनासे झाले. वहिनींना कळलं, कारण घरातलं एकही दार करकरेना. दादा घाबरले की बिजागऱ्यांना तेल घालतात. सासूबाई आजारी होत्या तेव्हा घातलं होतं, मुलीच्या बाळंतपणात घातलं होतं. आता दारं संपली, खिडक्या संपल्या, शेवटी शिलाई मशीनलाही तेल मिळालं. मग त्यांनी हत्यारांची पेटी उपसली आणि प्रत्येक पान्याच्या कप्प्याला चिठ्ठी चिकटवली. आठ नंबर, दहा नंबर, बारा नंबर.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "या चिठ्ठ्या कुणासाठी?"

"असाव्यात. उद्या कुणाला पाना लागला तर सापडायला हवा."

"कुणाला म्हणजे कुणाला? मला? मी नळ दुरुस्त करत फिरणार आहे का?"

दादांनी चौदा नंबरची चिठ्ठी चिकटवली. मग पेटीकडे बघतच म्हणाले, "डॉक्टरबाईंना सांगणार आहे, तुकडा काढा, तपासा, आणि काय असेल ते कापून टाका. उगाच घोळ नको. भावाने घोळ घातला."

"सुतावरून स्वर्ग गाठताय."

"सूत नाही. चार मापं आहेत."

वहिनींनी बारा नंबरचा पाना उचलला, चिठ्ठी बघितली आणि परत जागेवर ठेवला. तोंडाने टोमणे चालू होते, पण त्या रात्रभर जाग्या होत्या हे दादांना माहीत होतं. तीनदा उठणाऱ्या माणसाला घरात कोण जागं आहे ते कळतं.

डॉक्टरबाई ठेंगण्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. दादांनी टेबलावर चार रिपोर्ट ओळीने मांडले आणि वर आलेखाच्या कागदावर केलेला तक्ता ठेवला. तारीख, वेळ, ठिकाण, आकडा.

"हे कोणी केलं?"

"मी."

"एका सकाळी तीन ठिकाणी रक्त दिलंत?"

"तीनदा मोजल्याशिवाय माप होत नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पहिल्या ठिकाणी साडेसात, दुसऱ्या ठिकाणी सव्वाआठ, तिसऱ्या ठिकाणी नऊ. ही ठिकाणं तर तीन दिशांना आहेत. गेलात कसे?"

दादा सांगणार तेवढ्यात वहिनी बोलल्या. त्या दहा दिवस मनातलं मनात ठेवून होत्या, आता बांध फुटला. "कसे म्हणजे? सायकलवर! बावीस किलोमीटर. पुलाच्या चढावरसुद्धा उतरत नाहीत. आणि सीट बघाल तर नुसता दगड. मी एकदा बसले होते, दोन दिवस उभ्याने जेवले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि पहिल्या वेळी?"

"तेव्हाही सायकल," दादा म्हणाले. "बस कशाला? पाय आहेत."

"काका, ही ग्रंथी कुठे असते माहीत आहे?"

दादांनी नकारार्थी मान हलवली.

"सीटवर तुम्ही जिथे टेकता ना, त्याच्या जरा वर. तासभर कडक सीटवर दाबून, आदळून, चढ चढून तुम्ही खाली उतरलात आणि लगेच रक्त दिलंत. मग पुन्हा बसलात, पुन्हा उतरलात, पुन्हा दिलंत. काही जणांचा आकडा त्यानेसुद्धा वर जातो. म्हणून आम्ही सांगतो, रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल नको."

बाईंनी तक्ता बाजूला सरकवला. मग वहिनींनी तोंडाला रुमाल लावला. खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं, रडतायत. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"अहो," वहिनी हसता हसता म्हणाल्या, "गरम जॉब मोजलात की!"

दादांचे कान लाल झाले.

"काय मोजलं?" बाईंनी विचारलं.

"सांगा ना त्यांना. अडतीस वर्षं आम्हाला सांगत होतात. चारदा मोजला, चारही वेळा गरम! आणि वरून आणखी कापायला निघाले होते!"

मग दादांना ते स्वतःच्या तोंडाने समजावून सांगावं लागलं. तापलेला दांडा, फुगलेलं माप, जास्तीचा काप, शेवटी भंगार. अडतीस वर्षांत हे इतक्या खालच्या आवाजात त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "छान आहे. हे मी माझ्या पेशंटना सांगणार. पण काका, एक ऐका. सायकलने तुमचा आकडा किती चढला, ते मला सांगता येणार नाही. थोडा चढला असेल, कदाचित काहीच नसेल. वयाने ग्रंथी मोठी होते, तिचाही वाटा असेल. आणि तुमचे भाऊ यातच गेलेत. त्यामुळे हसून सोडून द्यायचं नाही."

"नाही," दादा म्हणाले. हे वाक्य त्यांना आवडलं. इतके दिवस सगळे एक तर घाबरवत होते, नाही तर काही नाही हो म्हणत होते.

बाईंनी हातमोजा चढवला आणि पडद्यामागे बोटाने तपासणी केली. त्याबद्दल दादा पुढे जेवढं बोलले तेवढं सांगतो. "आतलं माप होतं. घ्यावं लागतं." बाई म्हणाल्या, ग्रंथी मोठी आहे, पण गुळगुळीत आहे, कडक गाठ हाताला लागत नाही. लघवी तपासायची. सहा आठवडे थांबायचं. रक्त परत द्यायचं, पहिल्याच प्रयोगशाळेत. या वेळी एक जास्तीची तपासणीही करायची. ते प्रथिन रक्तात काही मोकळं फिरतं, काही बांधलेलं असतं. मोकळ्याचा वाटा मोठा असला, तर काळजी कमी. त्यानंतरही आकडा वरच राहिला, तर स्कॅन, आणि गरज पडली तर तुकडा.

"दोनच दिवस सायकल बंद ना?" दादांनी विचारलं.

"दोन दिवस पुरे."

"सहा आठवडे," वहिनी म्हणाल्या.

घरी आल्यावर वहिनींनी हत्यारांची पेटी उघडली, चिठ्ठी वाचली, पाना काढला आणि सायकलीचं सीट सोडवून कपड्यांच्या कपाटात ठेवलं. "चिठ्ठ्या लावल्या ते बरंच झालं," एवढंच म्हणाल्या. दादा सहा आठवडे पायी फिरले. बिनसीटची सायकल व्हरांड्यात उभी, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "दादा, सीट चोरीला गेलं का?" "हो," दादा म्हणायचे. "चोर घरातलाच आहे."

ठरलेल्या सकाळी ते बसने गेले. तेही अर्धा तास लवकर. प्रयोगशाळेतल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रक्त घेणाऱ्या त्याच मुलीने दोनदा नाव पुकारलं.

"काका, या ना. कुणाची वाट बघताय?"

"थंड होतोय."

"एसी वाढवू का?"

"नको. दहा मिनिटं दे."

बसने येणाऱ्या माणसाला थंड व्हायची काही गरज नव्हती. पण ती दहा मिनिटं त्यांनी दिली. ज्या कामाला जेवढा वेळ द्यायचा असतो तेवढा द्यायचा. आणि खरं सांगायचं तर मूठ आवळायच्या आधी त्यांना भाऊ आठवत होते.

आकडा आला चार पूर्णांक सहा. लघवी स्वच्छ. मोकळ्याचा वाटा सव्वीस टक्के.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मोकळा वाटा चांगला आहे. आत्ता तुकडा काढायची घाई मी करणार नाही. पण सुटलात असंही म्हणणार नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. एका आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय ते मला बघायचंय."

"हत्याराची झीज," दादा म्हणाले.

बाईंनी या वेळी पेन आधीच खाली ठेवलं होतं. "बोला."

"कापणारं हत्यार झिजतं. एका मापाने कळत नाही. दर पन्नास जॉबनंतर मोजायचं, ठिपका द्यायचा. ठिपके सरळ चालले तर काम चालू. वर सरकायला लागले की जॉब बिघडायच्या आधी यंत्र थांबवायचं."

"तुम्ही माझी जागा घेणार बहुतेक," बाई म्हणाल्या.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला दादांनी आलेखाचा कागद चिकटवला. चार-सहाचा पहिला ठिपका दिला. आधीच्या चार आकड्यांचं काय करायचं, यावर ते बराच वेळ उभे होते. पुसणं त्यांना पटेना. चुकीचं मापही घेतलेलं असतं, ते खोडायचं नसतं. त्यांनी चार छोट्या फुल्या मारल्या आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, गरम.

वहिनींनी मागून वाचलं. कपाटातून सीट काढून त्यांनी दादांच्या हातात दिलं.

दादांनी ते तसंच खाली ठेवलं. आधी फोन उचलला आणि पुतण्याला लावला. थोरल्या भावाचा मुलगा, रंगकाम करतो, वय अठ्ठेचाळीस.

"काका! काय म्हणताय?"

"रक्त तपासून घे. पीएसए म्हणायचं. चिठ्ठीसाठी आधी डॉक्टरकडे जा आणि बाबांचं काय झालं ते सांग."

"मला काही त्रास नाही हो."

"त्रास झाल्यावर मोजायचं, तर मोजायचंच कशाला? तुझे बाबा म्हणाले होते, कुणी सांगितलं असतं तर बघितलं असतं. मी तुला सांगतोय."

पलीकडे रंगाचा ब्रश डब्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग पुतण्या म्हणाला, "जातो काका. सोमवारी जातो."

"आणि बसने जा."

"बसने? का?"

"मी सांगतो म्हणून. एकाच ठिकाणी मोज. आणि आकडा मला कळव, मी तुझा कागद करतो."

फोन ठेवून दादा व्हरांड्यात गेले. सीट बसवलं, पान्याने नट आवळला. आवळता आवळता सवयीने त्यांनी नटाच्या सहाही कडांवरून अंगठा फिरवला. वहिनींनी सोडवताना एकही कड झिजवली नव्हती. पाना बरोबर नंबरचा घेतला होता आणि जोर सरळ दिला होता. दादांनी हे मान्य केलं, मनातल्या मनात. मग जरा थांबले, आत बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, हात चांगला आहे तुझा."

"एकदाच म्हणालात," आतून आवाज आला. "तो अंदाज झाला."

दादांनी आणखी दोनदा म्हटलं.